साखर हाय का न्हाय

दर गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला डाळजमध्ये साखर मरायची.

जागा ठरलेली होती. हायवेला लागून असलेलं पत्र्याचं गोडाऊन, जिथं पूर्वी ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली असत. मारणारेही ठरलेले होते. श्री मधुहरनाथ महाराज. लोक त्यांना शेपबाबा म्हणत, कारण ते बडीशेप चारून साखर मारत. डब्यातली नव्हे, रक्तातली.

चारशे माणसं मांडी घालून बसायची. इंदापूर, भिगवण, पार कोऱ्हाळ्याहून जीप भरून यायच्या. बहुतेक सगळे ऊसवाले. म्हणजे जन्मभर साखर पिकवली आणि साठी ओलांडल्यावर ती आपल्याच अंगात साठलेली निघाली, अशी माणसं. सेवेकरी पितळी परातीतून प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवत. ती बत्तीस वेळा चघळायची, दोन मिनिटं जिभेवर धरायची, मग गिळायची. त्यानंतर दुसरी परात यायची, साखरेची. महाराज माइक ओठांजवळ नेत आणि कानात सांगितल्यासारखं हळूच विचारत,

"साखर हाय का न्हाय?"

चारशे तोंडांत तोवर साखरेची वाळू झालेली असायची. करकर वाजायची, विरघळायची, पण चव म्हणून नाही.

"न्हाय," चारशे माणसं म्हणायची.

तो 'न्हाय' पत्र्याखाली घुमायचा आणि उजनीच्या कडेला बसलेले बगळे उडून जायचे. बगळ्यांना मधुमेह नसतो, पण त्यांनाही ते बरं लक्षण वाटत नसावं.

शेवटी महाराज पथ्य सांगत. आजचा दिवस गोड खायचं नाही. खाल्लं तर मेलेली साखर जिवंत होते, आणि मग ती आमची जबाबदारी नाही. आणि ज्याच्या अंगातली साखर मेली त्यानं सुई टोचून घ्यायची नाही. मेलेल्याला परत का मारता?

ह्या सगळ्यातली बडीशेप गोकुळच्या शेतातली होती.

गोकुळनं शेतकी शिकून घरच्या एक एकरात ऊस मोडून बडीशेप लावली, तेव्हा गावानं त्याची भरपूर काळजी केली होती. चार बाजूंनी ऊस आणि मधे हे हिरवं, केसांसारखं मऊ पीक. त्याचे चुलते संभाजीतात्या बांधावर येऊन उभे राहिले. तात्यांचं रान शेजारी, सहा एकर ऊस, आणि गोकुळच्या वडिलांच्या मागं घरातला मोठा शब्द त्यांचाच.

"काय लावलंय म्हणं?"

"बडीशेप."

"हाटेलात बिलासंगं देत्यात ती?"

"व्हय."

"आरं लेका, ती फुकट असती."

तरी पीक चांगलं आलं. बडीशेपेच्या छत्र्या एकदम तयार होत नाहीत. आज ही, आठ दिवसांनी ती, म्हणून हिरवी असतानाच हातानं खुडत पाच-सहा फेरे मारावे लागतात. उन्हात वाळवली तर रंग उडतो. गोकुळची आई, द्वारकाबाई, ती पडवीच्या सावलीत जुन्या साड्यांवर पसरायची आणि दिवसातून चारदा हात फिरवायची, तान्ह्याच्या डोक्यावरनं फिरवावा तसा. आजूबाजूच्या बाळंतिणींना पोटाला शेपेचं पाणी जायचं, लोणच्याच्या मसाल्यात भरड जायची, आणि जेवणानंतर घरात सगळ्यांनी चिमूटभर चघळायची असा दंडक होता.

महाराजांनी सगळा माल एकदम उचलला. ज्या माणसानं आपला सगळा माल उचलला त्याच्यावर संशय घ्यायला वेगळी बुद्धी लागते, आणि ती साधारणपणे माल गेल्यावर येते. आईला चौदा वर्षांची साखर, दोन वेळा इन्सुलिन. संभाजीतात्यांबरोबर ती एका गुरुवारी गोडाऊनला गेली आणि घरी येऊन म्हणाली, "मेली."

"कोण?"

"साखर."

इन्सुलिन सोडायचं नाही, एवढं गोकुळनं तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिनं लगेच मान डोलावली. इतक्या लगेच की त्याला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग घरात चमत्कार सुरू झाला. आईला तहान लागायला लागली, कळशीच्या कळशी. महाराज म्हणाले, शेप पाणी मागते. तिला तासातासाला उठावं लागायला लागलं. महाराज म्हणाले, साखर बाहेर पडते आहे. हे मात्र खरं होतं, आणि त्यांच्या बोलण्यातलं एवढं एकच खरं होतं. आईचं वजन उतरलं, मनगटातल्या बांगड्या कोपराकडे धावायला लागल्या. महाराज म्हणाले, रोग वजनदार होता. मग तिच्या श्वासाला गोडसर वास यायला लागला. महाराजांनी डोळे मिटून तो वास घेतला आणि जाहीर केलं की शेप अंगात मुरली. तेव्हापासून आळीतल्या बायका सकाळी तिच्या तोंडाचा वास घ्यायला येऊ लागल्या. यायच्या, वास घ्यायच्या, हात जोडायच्या आणि जायच्या. आई ओट्यावर बसून हसायची. हसता हसता तिचा डोळा लागायचा.

गोकुळ स्वतः गोडाऊनला गेला तेव्हा त्याच्याही जिभेवर साखर मेली, हे कबूल करायला हवं. पदवी भिंतीवर होती, जीभ तोंडात. पण साखरेची वाळू झाली ह्यानं तो चपापला नाही. चपापला तो त्याच्या आधीच. बडीशेप गोड लागली नाही.

बडीशेपेला तिचा स्वतःचा गोडवा असतो. दाताखाली फुटली की आधी गारवा येतो, मागून गोडी. हे दाणे त्याचेच होते, बारीक, हिरवे, टोकाला केसाएवढं देठ असलेले. तीन महिने त्यानं दुसरं काही पाहिलं नव्हतं. पण हे पाल्यासारखे कडवट लागत होते, आणि तळहातावर हिरवट भुकटी उरली होती. आपलं पोर शहरातून आलंय, ओळख देतंय, पण आवाज दुसऱ्याचा आहे, असं त्याला वाटलं. त्यानं उरलेली चिमूट रुमालात बांधली.

शेपेच्या खुडणीला कुशाबाई यायच्या. वय सत्तरीचं, माहेर भोरकडच्या डोंगरातलं. गोकुळनं चिमूट त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चघळली, वर गुळाचा खडा टाकला, क्षणभर थांबल्या आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की गोकुळला पाणी आणावं लागलं.

"बेडकीचा पाला हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "आमच्या डोंगरात येल असतो. म्या ल्हानपणी भावाला चारला, आन वर गूळ दिला. रडत आयकडं गेला. म्हणला, आय, गूळ मेला."

"मग?"

"मग काय. आर्ध्या तासानं जिता झाला."

त्याच पाल्याची पूड बारामतीत आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात डबीत मिळते. गुडमार म्हणतात, मधुनाशिनी म्हणतात. दुकानदारानं विचारलं, डबी देऊ का पोतं? गोकुळ म्हणाला, पोत्यानं कोण नेतं? दुकानदार म्हणाला, डाळजला जातं की.

बुधवारी संध्याकाळी गोकुळनं त्या पुडीचा दाट काढा केला, घरचे भाजलेले शेंगदाणे त्यात घोळले आणि वाळवले. स्वतः चघळून पाहिले. साखर मेली. पाऊण तासानं चहा घेतला, तेव्हा ती काहीच झालं नाही अशा थाटात परत आली होती. आईला दाखवायला आत गेला तर ती झोपलेली होती. हल्ली ती फार झोपायची. उद्या सकाळी दाखवू, असं त्यानं ठरवलं.

उद्या सकाळी गुरुवार होता.

तो ठिबकचं पाणी सोडून आला तेव्हा अंथरूण रिकामं होतं. तात्यांची जीप येऊन गेली होती. शेजारणीनं सांगितलं की पहाटेपासून दोनदा उलटी झाली, पण महाराजांनी आज त्यांना मुद्दाम बोलावलंय, पुढं बसवणार आहेत. गोकुळनं फ्रिज उघडला. कोथिंबिरीच्या जुडीमागं इन्सुलिनचा खोका होता. सील न फोडलेला. त्याला गुंडाळलेल्या बिलावरची तारीख पाहिली. अठरा दिवस तिनं सुई टोचलीच नव्हती.

त्यानं भिगवणच्या डॉक्टर माधवींना फोन लावला. वर्षानुवर्षं आईला त्याच तपासत होत्या. त्यानं तहान सांगितली, वजन सांगितलं, उलटी सांगितली. वासाचं सांगितलं तेव्हा त्या मधेच थांबल्या.

"कसला वास?"

"गोड. बडीशेपेसारखा, म्हणतात सगळे."

"गोकुळ, ती बडीशेप नाही. इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही. मग ते चरबी जाळतं, आणि रक्तात आम्ल साठतं. त्याचा वास आहे तो. श्वास कसा आहे? खोल, भराभर?"

"काल रात्रीपासून तसाच हाय."

"मग झोप येईल. आणि त्या झोपेतून उठता येणार नाही. मी बारामतीला कळवून ठेवते. संध्याकाळी नको, आत्ता ने."

शेपेची पोती ज्या पिकअपमधून गोडाऊनला गेली होती, तीच पिकअप घेऊन तो निघाला. खिशात शेंगदाण्यांची पुडी होती आणि आईचं साखर मोजायचं यंत्र.

गोडाऊनमध्ये परात अजून फिरली नव्हती. स्टेजवर लोडाला टेकून आई बसली होती. गळ्यात झेंडूचा हार. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती, आणि तो श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. चारशे माणसं गप्प बसून तो ऐकत होती.

"पाहा," महाराज माइकवर म्हणत होते. हिरवं रेशमी उपरणं, दाढी मोजून कापलेली. "ह्या माउलीला प्राणायाम कोणी शिकवला? कोणी नाही. आपोआप लागला. आता डोळे मिटत आहेत. ही समाधीची पहिली पायरी."

दुसरी पायरी कुठली ते गोकुळला फोनवर कळलं होतं.

तो पुढं घुसला तर दोन सेवेकऱ्यांनी अडवलं. समाधी मोडली तर साखर उलटते, म्हणाले. त्यानं आईकडं पाहिलं, मग पिकअपकडं. मधे चारशे माणसं मांडी घालून बसली होती, आणि त्यातला एकही गुडघा हलायला तयार नव्हता. उचलून नेणं शक्य नव्हतं. त्यांनी वाट दिली तरच वाट होती.

वाट दिली ती महाराजांनीच.

"आले, शेपवाले आले. येऊ द्या, येऊ द्या. ज्यांच्या मातीत ही संजीवनी उगवते, ते हे, आणि ही त्यांची जन्मदात्री. योग बघा."

त्याला वर घेतलं. शाल घातली. नारळ दिला. चार शब्द बोला म्हणून महाराजांनी स्वतःच्या हातानं त्याच्या हातात माइक दिला. माणूस पकडला जातो तो बहुतेक वेळा स्वतःच्याच सत्कारसमारंभात.

गोकुळनं नारळ खाली ठेवला.

"मी पण परसाद आणलाय," तो म्हणाला. पुढच्या रांगेत संभाजीतात्या होते. त्यांना आणि आजूबाजूच्या दहाबारा जणांना त्यानं शेंगदाणे वाटले. चघळा म्हणाला, दोन मिनिटं धरा म्हणाला. त्या दोन मिनिटांत तो आईचा हात धरून उभा राहिला. हात कोरडा आणि हलका होता, छत्री खुडल्यावर उरलेल्या दांड्यासारखा. मग त्यानं साखरेची परात पुढं ओढली.

"तात्या, साखर हाय का न्हाय?"

तात्यांनी जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"न्हाय," ते म्हणाले.

"हे निस्ते शेंगदाणे हायत. त्याला बेडकीचा पाला चोळलाय. तीच पूड शेपेला चोळत्यात. जिभेला तासभर गोड कळत न्हाय, एवढंच होतं. रक्ताला काय होत न्हाय. यात देव न्हाय, तात्या. बारामतीत डबीत मिळतं हे."

तात्यांनी हातातला उरलेला शेंगदाणा उलटापालटा करून पाहिला. गोकुळला वाटलं, झालं. मग महाराजांनी दोन्ही हात वर केले.

"पाहिलंत? आमची शेप पिकवली, तर ह्यांच्या शेंगदाण्यालाही गुण आला. कृपा अशी पसरते."

आणि लोकांनी गोकुळला हात जोडले. मागच्या रांगेतला एकजण उठून शेंगदाणे मागायला लागला. एका बाईनं बाहेर जाऊन पिकअपच्या चाकाला हळद लावली.

आईचा श्वास आता अडखळत होता. गोकुळ स्टेजवरून उतरला आणि तात्यांसमोर उकिडवा बसला. माइक त्याच्या हातातच होता.

"तात्या, कारखान्यावर ऊस जातो तुमचा. उसात साखर किती ते कसं ठरतं?"

"रिकव्हरी काढत्यात."

"जिभेनं?"

"जिभेनं कशाला? मशीन असतंय."

"आन उद्या कुणी तुमचं कांडकं चोखलं आन म्हणला, तात्या, मला गोड लागलं न्हाय, तवा तुमच्या उसात साखरच न्हाय, तर?"

"टाळकं फोडीन त्याचं."

"का?"

"आरं, त्याची जीभ. माझा ऊस..." तात्या थांबले.

 चारशे ऊसवाले होते ते. काट्यावर, मशीनवर, रिकव्हरीच्या टक्क्यावर ज्यांनी जन्मभर भांडणं केली, आणि दशांशाखालचा एक आकडा कधी सोडला नाही, ती माणसं.

"उसाची साखर मशीनवर मोजता," गोकुळ म्हणाला, "मग माझ्या आईची जिभेवर का मोजताय?"

त्यानं परत वर जाऊन आईचं बोट धरलं, टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. यंत्र पाच सेकंद घेतं. माइक जवळ होता, त्यामुळं त्याची टिकटिक सगळ्या गोडाऊनला ऐकू गेली.

आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली. एच आणि आय.

"काय म्हणतंय?" तात्यांनी खालून विचारलं. आणि मग, सवयीनं असेल किंवा भीतीनं, त्यांनी दर गुरुवारचाच प्रश्न विचारला. "साखर हाय का न्हाय?"

गोकुळनं अक्षरं जोडून वाचली.

"हाय."

"किती?"

"आकडा संपला, तात्या. सहाशेच्या वर गेलं की हे किती ते सांगत न्हाय. निस्तं हाय म्हणतं."

यंत्र परदेशात बनलं होतं. बोललं मात्र इंदापूरच्या माणसाला कळेल असं.

तात्या उठले. गुडघा धरून, हळूहळू, पण उठले. स्टेजवर चढले, आईच्या गळ्यातला हार काढला आणि तिला दोन्ही हातांवर घेतलं. "वाट द्या," ते म्हणाले. मांड्या सुटायला लागल्या. चारशे माणसांत मधोमध एक फट पडली आणि ती दारापर्यंत गेली.

"यंत्र विलायती हाय," महाराज मागून म्हणाले. माइक त्यांच्याकडं नसल्यानं ते फारसं कोणाला ऐकू गेलं नाही.

पिकअपमध्ये आईचं डोकं कुशीत घेऊन तात्याच बसले होते. बारामतीपर्यंत ते एकच गोष्ट बडबडत होते, की तिला जीपमधनं मीच नेत होतो. गोकुळनं त्यांना गप्प केलं नाही. शेप मीच पिकवत होतो, असं त्याच्याही तोंडात येत होतं.

आईनं तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर उघडले नसते. गोडाऊनमध्ये पोलिसांना बेडकीच्या पाल्याची सात पोती मिळाली, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. महाराज भिगवणच्या रेल्वे स्टेशनवर सापडले. उपरणं नव्हतं, दाढी नव्हती. नळ्यांचं गोडाऊन पुन्हा नळ्यांचं झालं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण आठ दिवसांनी गोकुळच्या फाटकाशी कोऱ्हाळ्याची एक जीप उभी राहिली. आतली पाच माणसं हात जोडून म्हणाली की सुई-बिई नको, तुमचे शेंगदाणे द्या, त्यात महाराजांपेक्षा पॉवर हाय म्हणं.

बाबा पळतो. त्याच्यासाठी रिकामी केलेली जागा मात्र तिथंच राहते, आणि समोर जो उभा दिसेल त्याला लोक तिच्यात बसवतात. गोकुळनं पाच खुर्च्या टाकल्या, यंत्र आणलं आणि एकेकाचं बोट धरलं. ज्याचा जो आकडा आला तो कागदावर लिहून हातात दिला आणि डॉक्टर माधवींचा पत्ता सांगितला. पहिलं बोट संभाजीतात्यांनी पुढं केलं, नमुना म्हणून. तीनशे शेहेचाळीस. तात्यांनी आकडा दोनदा वाचला आणि रिकव्हरीवरनं भांडतात तसं भांडायला तोंड उघडलं. मग मिटलं.

फाटकावर आता पाटी आहे: 'येथे बडीशेप मिळते. जेवणानंतर चघळावी. तोंडाला बरं वाटतं. साखर जात नाही.'

एवढंच सांगायचं आहे. बडीशेप गुणाची आहे. पोटाला हलकी, तोंडाला गार, लोणच्यात तर हवीच. तिच्यावर तिला पेलेल एवढंच ओझं टाका. आपल्या जिभेवर, नाकावर, डोळ्यावर भरवसा ठेवा, पण त्यांना कोणी फसवू शकतं हेही लक्षात ठेवा. जे मोजता येतं ते मोजून घ्या. आणि जो कोणी तुमचं चालू औषध बंद करायला सांगेल, तो हिरवं नेसलेला असो की भगवं, त्याला आधी विचारा, की मोजलं कशानं?

द्वारकाबाई आता पडवीत बसून शेपेवर हात फिरवते. दोन वेळा सुई स्वतः टोचून घेते. परवा जेवण झाल्यावर तिनं चिमूटभर शेप तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळत राहिली.

"गोड लागती का?" गोकुळनं विचारलं.

"हाय की गोड."

"आन साखर?"

"मला काय इचारतो," आई म्हणाली आणि बोट पुढं केलं. "मशीनला इचार."